लॅपटॉपच्या देवडीवरचा पहारेकरी

पूर्वीच्या वाड्यांना एक मोठा दरवाजा असे आणि त्याच्या एका फळीत लहानसा दिंडी दरवाजा असे. मोठा दरवाजा लग्नकार्याला उघडायचा. रोजची ये-जा दिंडीतून चाले. देवडीवर बसलेला पहारेकरी आत येणाऱ्या अनोळखी माणसाला नाव, गाव आणि काम विचारी. घरचा माणूस बाजारात जाऊन परत आला तर मात्र त्याला कोणी हटकत नसे. संगणकात 'फायरवॉल' नावाची जी आज्ञावली असते ती बहुतांशी हेच काम करते. फायरवॉल हा शब्द मुळात बांधकामातला आहे. इमारतीच्या एका भागात लागलेली आग दुसऱ्या भागात पसरू नये म्हणून मध्ये जी भिंत उभारतात तिचे हे नाव. संगणकशास्त्राने ते उसने घेतले.

विद्यार्थी मित्रांना आज हा विषय परका राहिलेला नाही. पुष्कळांच्या घरी हप्त्याने घेतलेला लॅपटॉप असतो. त्यात प्रकल्पाचा अहवाल असतो, गुणपत्रिकांच्या प्रती असतात, शिष्यवृत्तीच्या अर्जाबरोबर जोडलेला वडिलांच्या बँकखात्याचा तपशील असतो. हे सारे एका रात्रीत नाहीसे झाले किंवा परक्याच्या हाती पडले तर काय होईल, याचा विचार प्रत्येकाने स्वतःशीच करून पाहावा. म्हणूनच 'फुकट मिळणारी चांगली फायरवॉल कोणती?' हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर आधीच सांगून टाकतो: आपल्या यंत्रात जी आहे ती प्रथम पाहावी, ती चालू आहे याची खात्री करावी, आणि तिच्याकडून जे काम होत नाही ते नेमके कोणते हे कळल्यावरच दुसरी शोधावी. असे का, हे पुढे क्रमाने पाहू.

१. दारे आणि पुडकी

जाळ्यावरून जाणारी कोणतीही माहिती, मग ते पत्र असो वा चित्रपट, लहान लहान पुडक्यांत बांधून पाठविली जाते. या पुडक्याला 'पॅकेट' म्हणतात. टपालाच्या पाकिटाप्रमाणे त्यावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. शिवाय घेणाऱ्याच्या घरातल्या कोणत्या दाराशी ते न्यायचे याचा क्रमांकही असतो. या दाराला 'पोर्ट' म्हणतात. पोर्टचे क्रमांक ० पासून ६५,५३५ पर्यंत असतात. सुरक्षित संकेतस्थळे ४४३ क्रमांकाच्या दाराशी भेटतात; विंडोजमधील फाइलींची देवाणघेवाण ४४५ क्रमांकाच्या दारातून होते; दूर बसून विंडोजचे यंत्र चालवायचे असेल तर ३३८९ हा क्रमांक ठरलेला आहे.

प्रत्येक दार सदैव उघडे असते असे नाही. एखादी आज्ञावली आत बसून त्या दाराशी कान लावून असेल तरच ते उघडे म्हणायचे. ही आज्ञावली सदोष असली, तर बाहेरून मुद्दाम वेडेवाकडे बांधलेले पुडके पाठवून तिला भलतेच काम करायला लावता येते. संगणकमालकाने काहीही दाबलेले नसते, काहीही उघडलेले नसते, तरी घात होतो. फायरवॉलची खरी गरज येथे आहे.

आजच्या फायरवॉल एक नोंदवही ठेवतात. आपण एखादे संकेतस्थळ मागविले की 'या यंत्रातून अमुक पत्त्याला विचारणा गेली' अशी नोंद होते. त्या पत्त्याकडून उत्तर आले की ते आत सोडले जाते. ज्याची विचारणा आतून झालेलीच नाही असे पुडके दाराशी आले तर, तशी परवानगी आधी दिलेली नसल्यास, ते परत फिरविले जाते किंवा मुकाट्याने टाकून दिले जाते. येणाऱ्यांच्या बाबतीत 'ज्याला परवानगी नाही त्याला मनाई' हा नियम आणि जाणाऱ्यांच्या बाबतीत मोकळीक, अशी बहुतेक घरगुती फायरवॉलची मूळ मांडणी असते.

२. घरात कुलूप होते, पण लावलेले नव्हते

या विषयातला सर्वांत बोलका धडा २००३ सालचा आहे. विंडोज एक्सपी ही प्रणाली २००१ च्या ऑक्टोबरात बाजारात आली. तिच्यात एक फायरवॉल होती. परंतु ती मुळात बंद ठेवलेली होती. सर्वसामान्य माणसाला ती आहे हेही ठाऊक नव्हते. १६ जुलै २००३ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका दोषावर दुरुस्ती प्रसिद्ध केली. त्यानंतर चार आठवड्यांच्या आत, ११ ऑगस्टला, त्याच दोषाचा फायदा घेणारा 'ब्लास्टर' नावाचा किडा जगभर पसरू लागला. तो १३५ क्रमांकाच्या दारातून शिरत असे. पुष्कळांच्या पडद्यावर 'साठ सेकंदांत यंत्र बंद होईल' अशी सूचना येई आणि यंत्र पुन्हा पुन्हा बंद पडून सुरू होई. दुरुस्ती उतरवून घ्यायला जाळ्यावर जावे, तर उतरवून होण्याआधीच यंत्र बंद पडे.

ज्यांची फायरवॉल चालू होती त्यांच्या दाराशी हा किडा अडला. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, एक्सपीची दुसरी मोठी सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा फायरवॉल आपोआप चालू राहील अशी व्यवस्था करण्यात आली. आजच्या विंडोजमध्ये जी फायरवॉल आहे तिची परंपरा तेथून सुरू होते.

दुसरा प्रसंग १२ मे २०१७ चा. 'वॉनाक्राय' या खंडणीखोर किड्याने दीडशेच्या वर देशांत थैमान घातले. तो फाइलींना कुलूप घालून पैसे मागत असे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ पैकी किमान ८० रुग्णालय-संस्थांना त्याची झळ पोचली. तो शिरला ४४५ क्रमांकाच्या दारातून, आणि त्या दोषावरची दुरुस्तीही १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, निघालेली होती. एकदा आत शिरला की तो त्याच जाळ्यावरच्या शेजारच्या यंत्रांकडे वळे.

ही शेजाऱ्याची गोष्ट आपण नीट ध्यानात घेतली पाहिजे. घरातल्या राऊटरमुळे बाहेरून न बोलाविता येणारी बरीचशी पुडकी तेथेच अडतात. परंतु महाविद्यालयाच्या वायफायवर मराठी आणि कन्नड विभागांतली शेकडो मुले एकाच वेळी जोडलेली असतात. वसतिगृहात, ग्रंथालयात, रेल्वेस्थानकावर हीच स्थिती असते. तेथे राऊटर आपल्या आणि शेजाऱ्याच्या मध्ये उभा असेलच असे नाही. पलीकडच्या बाकावरचा मित्र कितीही सज्जन असला तरी त्याचा लॅपटॉप निरोगी असेल याची हमी तोही देऊ शकत नाही. तेथे आपले रक्षण आपल्याच यंत्रातल्या फायरवॉलने करायचे असते.

३. फुकट आणि मुक्त

इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दाने दोन अर्थ निघतात आणि घोटाळा होतो. मराठीत ही अडचण नाही. पैसे न देता मिळते ते फुकट. आणि जिची घडण कोणालाही वाचता येते, तपासता येते, सुधारून इतरांना देता येते ती मुक्त आज्ञावली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला तो या दुसऱ्या अर्थाने.

फुकट वस्तू वाईटच असते असे मुळीच नाही. पण ती देणाऱ्याचा चरितार्थ कशावर चालतो, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. कोणी मूळ वस्तू फुकट देऊन वरच्या सोयींचे पैसे घेतो. हा सरळ व्यवहार झाला. कोणी उतरवून घेताना सोबत दुसऱ्याच आज्ञावल्या माथी मारतो. ज्याला दारावर बसवायचे तोच आत-बाहेर जाणाऱ्यांची यादी तिसऱ्याला विकत असेल, तर असा पहारेकरी नसलेला बरा. मुक्त आज्ञावलीत निदान चार जाणकारांना आत डोकावता येते. मात्र डोकावता येते म्हणून कोणी डोकावलेच आहे असे समजू नये.

४. उपलब्ध पर्याय

विंडोज वापरणाऱ्यांकडे अंगचीच फायरवॉल आहे. ती जाळ्याचे 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' असे प्रकार करते. पब्लिक म्हटले की ती अधिक कडक राहते. घराबाहेरचे प्रत्येक वायफाय पब्लिकच ठेवावे. बाहेर जाणाऱ्या आज्ञावल्यांवरही नजर ठेवायची असेल तर टायनीवॉल, सिंपलवॉल आणि पोर्टमास्टर ही मुक्त साधने आहेत. टायनीवॉलचा विशेष असा की ती उठसूट प्रश्न विचारीत नाही. आपण ज्या आज्ञावल्यांना परवानगी देऊ त्यांनाच बाहेर सोडते. पोर्टमास्टर कोणती आज्ञावली कोठे बोलते ते दाखविते. कुतूहल असणाऱ्याला यातून पुष्कळ शिकता येते.

ॲपलच्या मॅकमध्ये २००७ च्या लेपर्ड आवृत्तीपासून आज्ञावलीगणिक परवानगी देणारी फायरवॉल आहे. ती चालू आहे की नाही हे सेटिंगमध्ये जाऊन स्वतः पाहावे. चालू असेलच असे धरून चालू नये. ती येणाऱ्यांकडे पाहते. जाणाऱ्यांसाठी लुलू नावाची मुक्त आज्ञावली फुकट मिळते.

लिनक्सच्या गाभ्यातच 'नेटफिल्टर' ही गाळणी बसविलेली आहे. तिला आज्ञा देण्याची सोपी साधने वेगवेगळ्या वितरणांत वेगवेगळी आहेत. उबुंटूमध्ये २००८ पासून 'यूएफडब्ल्यू' हे साधन मिळते. ते यंत्रात असते, पण चालू आपल्यालाच करावे लागते. फेडोरामध्ये 'फायरवॉलडी' असते. जाणाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी ओपनस्निच ही मुक्त आज्ञावली आहे.

५. निवडताना विचारावयाचे प्रश्न

पहिला प्रश्न: हिची शेवटची सुधारणा केव्हा झाली? सुधारणा थांबलेली फायरवॉल नवे दोष अंगावर बाळगते. प्रणालीलाही हाच नियम लागू आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तशा यंत्रावर नवी फायरवॉल शोधीत बसण्यापेक्षा प्रणाली बदलण्याची किंवा वाढीव सुरक्षा-सुधारणा मिळविण्याची सोय आधी पाहावी.

दुसरा प्रश्न: ती कोठून उतरवून घेणार? कर्त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी. मित्राच्या पेनड्राइव्हवरून किंवा कोणत्याही 'सर्व काही फुकट' भांडारातून घेऊ नये.

तिसरा प्रश्न: ती जे विचारील त्याचे उत्तर मला देता येईल का? 'अमुक आज्ञावली अमुक पत्त्याशी बोलू इच्छिते, परवानगी द्यावी काय?' असे दिवसातून वीस वेळा विचारले गेले की माणूस कंटाळतो आणि न वाचता 'होय' दाबू लागतो. असे झाले की पहाऱ्याला अर्थ उरत नाही. ज्याला वाचण्याची सवड आणि हौस आहे त्याने प्रश्न विचारणारी घ्यावी. इतरांनी मुकाट्याने काम करणारी घ्यावी.

चौथा प्रश्न: आधीच्या फायरवॉलशी तिचे जमते का? विंडोजच्याच गाळणीचा आधार घेणारी साधने वेगळी आणि तिला बाजूला सारून स्वतः बसणारी वेगळी. दुसऱ्या प्रकारच्या दोन एकदम ठेवल्या तर त्या एकमेकींच्या कामात अडथळा आणतात आणि जाळे का चालत नाही हे शोधण्यात दिवस जातो. नव्या लॅपटॉपबरोबर आलेल्या मुदतीच्या विषाणूरोधक संचाने विंडोजची फायरवॉल बंद करून आपली बसविलेली असू शकते. मुदत संपल्यावर दारावर कोण आहे, हे पाहायला विसरू नये.

६. मर्यादा

फायरवॉल येणाऱ्याची ओळख पाहते, त्याच्या मनातला हेतू तिला दिसत नाही. आपणच ब्राउझर उघडून खोट्या बँकेच्या पानावर परवलीचा शब्द लिहिला, तर ती अडविणार नाही. कारण ब्राउझरला परवानगी आपणच दिलेली असते. चोरून मिळविलेली आज्ञावली आपल्या हाताने बसविली आणि तिला प्रशासकाचे अधिकार दिले, तर ती फायरवॉलच बंद करू शकते. म्हणून रोजच्या कामासाठी साधे खाते वापरावे, प्रणालीच्या सुधारणा वेळेवर घ्याव्यात आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत यंत्रापासून वेगळी ठेवावी. ब्लास्टर आणि वॉनाक्राय या दोन्ही प्रसंगी दुरुस्ती आधीच निघालेली होती, हे विसरून चालणार नाही.

७. प्रात्यक्षिक

हा लेख वाचून झाल्यावर दहा मिनिटे खर्च करावीत. विंडोज असेल तर 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन' या भागात जावे. तेथे डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक अशा तीन नोंदी दिसतील. तिन्हींपुढे फायरवॉल चालू असल्याचे लिहिलेले असावे. नंतर परवानगी दिलेल्या आज्ञावल्यांची यादी उघडावी. दोन वर्षांपूर्वी वसतिगृहात खेळलेल्या एखाद्या खेळाला पब्लिक जाळ्यावर दिलेली परवानगी तेथे अजून शिल्लक असण्याचा संभव आहे. जिचे काम उरले नाही ती परवानगी काढून टाकावी. जी नावे ओळखू येत नाहीत ती वहीत टिपून घ्यावीत आणि एकेकाची माहिती काढावी. माहिती काढल्याशिवाय भराभर खुणा पुसू नयेत.

ही यादी वाचून तिच्यातल्या प्रत्येक नावाचे कारण सांगता आले, म्हणजे फायरवॉल कोणती निवडावी हा प्रश्न निम्म्याहून अधिक सुटला. उरलेला भाग ज्याच्या त्याच्या गरजेचा आहे आणि त्यासाठी बहुधा एक पैसाही खर्च करावा लागणार नाही.