चाल कुणाची, ते आधी सांगा

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. विमको नाक्यापासून ऑर्डनन्सच्या क्वार्टर्सपर्यंत कुठून कुठून पोरं येतात. मोहरे चालवायला सगळ्यांनाच येतं. गाडी अडते ती डाव समजून घेताना आणि सांगताना. शिकवता शिकवता जे पटलं ते असं.

१. घरांचे रंग तोंडपाठ हवेत. ए ते एच या पट्ट्यांना १ ते ८ आकडे द्या. पट्टीचा आकडा आणि रांगेचा आकडा यांची बेरीज सम आली तर घर काळं, विषम आली तर पांढरं. ई४ म्हणजे ५ अधिक ४, म्हणजे पांढरं. घोडा दर चालीला रंग बदलतो. त्यामुळे एफ३ वरच्या घोड्यापुढे पोरानं ‘घो डी५’ लिहिलं, तर पट न मांडताही चूक कळते: दोन्ही घरं पांढरी. घोडा ई५ वर नाहीतर डी४ वर गेला असणार.

२. सुरुवातीला मराठीत लिहू द्या. रा, व, ह, उं, घो. प्याद्याला अक्षर नाही. ‘फिडे’च्या नियमांतही मोहऱ्याचं आद्याक्षर आपल्या भाषेतलं वापरायची मुभा आहे. पुस्तकं आणि ॲप वाचायला इंग्रजी अक्षरं लागतातच, पण ती मागाहून. मात्र आधी चाल खेळायची आणि मग लिहायची, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. स्पर्धेत नियमच तसा आहे.

३. आजोबांशी वाद घालू नका. नातवाला सोडायला आलेले आजोबा पटाशी बसले की म्हणतात, “प्यादं दोन घरं कसं रे गेलं?” त्यांचं चुकत नाही. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं आणि शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. हे पोरांना सांगून टाका, म्हणजे घरी भांडण नको.

४. आकृतीत लागतील तेवढेच मोहरे ठेवा आणि चाल कुणाची ते लिहा. माझी आवडती आकृती ही (कंसातला राजा काळा):

८ · · · · · · · ·
७ · · · · (रा) · · ·
६ · · · · · · · ·
५ · · · · रा · · ·
४ · · · · प्या · · ·
पट्ट्या: ए बी सी डी ई एफ जी एच

काळ्याची चाल असेल तर पांढरा जिंकतो: १...रा डी७ २.रा एफ६ रा ई८ ३.रा ई६ रा डी८ ४.रा एफ७, आणि प्यादं सुखरूप वजीर होतं. पांढऱ्याची चाल असेल तर बरोबरी: १.रा डी५ रा डी७ २.ई५ रा ई७ ३.ई६ रा ई८. इथे सरळ मागेच जायचं. ३...रा डी८ खेळलात की ४.रा डी६ येतं आणि डाव जातो. मोहरे तेच, घरं तीच. निकाल बदलला तो फक्त पाळी कुणाची यावर. पोरांना हे पटलं की पुढच्या प्रत्येक आकृतीला ती आपणहून विचारतात, “काका, चाल कुणाची?”

५. मोठा सामना पहिल्या चालीपासून दाखवू नका. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बातुमीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टरही झाली. पुढच्याच रविवारी वर्गात एकच गलका, “तो डाव दाखवा!” अशा वेळी शेवटाजवळची एखादीच स्थिती मांडावी, नाव झाकावं आणि विचारावं: कुणाकडून बसायला आवडेल? का? पंचवीस चालींची ओपनिंग घोकण्यापेक्षा पोरं याच प्रश्नावर जास्त भांडतात.

६. उद्गारचिन्ह उशिरा द्या. चालीपुढे ‘!’ किंवा ‘?’ छापलेलं दिसलं की पोरांचं डोकं थांबतं, आणि इंजिनाचा आकडा दिसला की साफच थांबतं. म्हणून घरचा अभ्यास एवढाच: वहीत एक आकृती, खाली ‘चाल कुणाची’, आपली चाल आणि एका ओळीत कारण. ॲप उघडायचं ते त्यानंतर. “ओपनिंग कधी शिकवणार?” असं विचारणाऱ्या आईबाबांपुढे मी ती वहीच ठेवतो आणि कारणाची ओळ वाचायला सांगतो.