तारीख खरवडता येते, हत्ती नाही

सहाव्या जॉर्जचा १९३८ सालचा रुपया बाजारात सहज मिळतो. १९३९ चा मात्र फार दुर्मीळ, आणि त्याची किंमत कितीतरी पट. दोन्हींचे वजन तेच, चांदी तीच, राजाही तोच. फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. नकली नाणी करणाऱ्याला याहून सोपे काम कुठले?

माझ्या ओळखीच्या एका संग्राहकाने असा १९३९ चा रुपया घेतला, तेव्हा डोळे झाकून पैसे दिले नव्हते. वजन भरले ११.६६ ग्रॅम. सराफाच्या यंत्राने चांदी दाखवली सुमारे ९१.७ टक्के. नाणे लोहचुंबकाला चिकटले नाही. सगळ्या परीक्षांत ते उतरले, कारण ते खरेच होते. फक्त १९३८ चे. इंग्रजी ८ चा खालचा गोल डावीकडे कोरून त्याचा ९ केला होता. दहापट भिंगातून पाहिल्यावर आकड्याशेजारची जागा किंचित खोल गेलेली दिसली, बारीक ओरखडे दिसले आणि तिथल्या चांदीचा रंग बाकीच्या नाण्याशी जुळेना. भिंग खरेदीच्या वेळीही खिशातच होते. दुर्मीळ नाणे हातचे जाईल या घाईत ते बाहेर काढायचे राहिले.

अशा कोरकामावर भिंगाखेरीज आणखी एक उपाय आहे: तारीख झाकून उरलेले नाणे वाचायचे. पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया याचे उत्तम उदाहरण आहे. त्यावरच्या राजाच्या झग्यावर एक छोटा हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, बहुतेक नाणी वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. आता कोणी १९१२ मधला २ घासून १ केला, तरी झग्यावर सुधारलेलाच हत्ती राहतो. तारीख खरवडता येते, हत्ती नाही.

दुसरा प्रकार ओतीव नाण्यांचा. महाराष्ट्रात त्याचा फटका सर्वाधिक बसतो तो शिवराई घेणाऱ्यांना. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असलेले हे तांब्याचे नाणे हाताने ठसा मारून पाडले जाई. त्यामुळे एकीवर ठसा डावीकडे सरकलेला, दुसरीवर अक्षर अर्धे कापलेले. एकाच विक्रेत्याकडच्या दोन शिवरायांवर ठसा सारखाच सरकलेला असेल, चीर त्याच जागी आणि खड्डाही तिथेच असेल, तर दोन्ही एकाच साच्यातून आल्या आहेत असे समजावे. ओतीव नाण्याची अक्षरे साबण विरघळल्यासारखी बोथट असतात, पृष्ठभागावर हवेचे बारीक खळगे असतात आणि कडेवर कधी कधी साच्याची जोडरेघ दिसते. म्हणून नाण्याची कड पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. विक्रीच्या फोटोत कड नसेल तर ती मागून घ्यावी.

तिसरा प्रकार सर्वांत निलाजरा: कधी अस्तित्वातच नसलेली नाणी. एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, एक आणा, १८१८’. पेशवाई बुडाली ते हेच साल, त्यामुळे आपल्याकडे ते आणखी खरे वाटते. पण कंपनीने असे नाणे कधी पाडलेच नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात सर्वत्र चालणारे एक आण्याचे नाणे आले ते १९०७ मध्ये, तेही तांबे-निकेलचे आणि नागमोडी कडेचे. ‘तांदूळ ओढून घेणारे’ चमत्कारी नाणे म्हणून हेच तुकडे लाखांना गळ्यात मारले जातात.

‘शेत नांगरताना हंडा सापडला’ ही कहाणी ऐकली की खिशातला हात बाहेर काढावा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. म्हणजे कहाणी खोटी असेल तर नाणे संशयास्पद, आणि खरी असेल तर व्यवहार बेकायदा.

तरीही नकली नाणे घरात आलेच, तर पहिली गोष्ट म्हणजे ते घासू-पुसू नये. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढावेत, वजन लिहून ठेवावे. पावती, जाहिरात, संदेश आणि पैसे पाठवल्याची नोंद एकत्र करावी. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या जाणकाराचे मत लेखी घ्यावे. मग विक्रेत्याला लेखी कळवून पैसे परत मागावेत. नाव जपणारा व्यापारी बहुधा वाद घालत नाही, कारण नकली नाणे त्याच्याही हातात न ओळखता आलेले असू शकते.

त्याने हात वर केले तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. ऑनलाइन फसवणुकीत १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. जाणूनबुजून फसवल्याचा पुरावा असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू होते.

रिझर्व्ह बँकेच्या नावाने ‘तुमचे नाणे लाखांना घेतो, आधी शुल्क भरा’ असे फोनही येतात. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण कसलेही शुल्क मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले आहे.

नुकसान भरून काढायला आपल्याकडचे नकली नाणे दुसऱ्याला खपवणे ही मात्र फसवणूकच, आणि या वेळी आरोपी आपण. ते वेगळ्या पाकिटात घालून वर ठळक अक्षरांत ‘नकली’ असे लिहून ठेवा आणि संग्रहाच्या वहीतही तशी नोंद करा. उद्या हा संग्रह मुलांच्या हाती जाईल, तेव्हा त्यांना ते कळायला हवे.