मोजक्या बुटांची सोडत

रबरी तळाच्या, चालताना आवाज न करणाऱ्या बुटास इंग्रजीत 'स्नीकर' म्हणतात. चोरपावलांनी चालणे या अर्थाच्या क्रियापदापासून हे नाव पडले आहे. मैदानावर घालावयाचा हा बूट आज हजारो रुपयांस, व क्वचित लाखांसही, विकला जातो. तो मिळावा म्हणून वरच्या वर्गांतील काही मुले मोबाईल हाती धरून घटका मोजीत बसतात, असे पालकांकडून आम्हांस कळते. ही विक्री चालते कशी, हे समजून घेतल्याखेरीज तिच्यावर रागावणे अथवा तिला भुलणे, दोन्ही सारखेच व्यर्थ होय.

१९८५ साली नाइकी कंपनीने बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन यांच्या नावाचा पहिला बूट ६५ डॉलरांस बाजारात आणला. पुढे काही नमुने मुद्दाम थोडेच काढण्याची रीत पडली. २००५ सालच्या फेब्रुवारीत कबुतराचे चित्र असलेले अवघे १५० जोड निघाले, तेव्हा न्यूयॉर्क येथील दुकानाबाहेर इतकी झुंबड उडाली की पोलिसांस धाव घ्यावी लागली. पुढे २०१५ साली नाइकीचे 'स्नीकर्स' व आदिदासचे 'कन्फर्म्ड' ही ॲपे निघाली आणि रस्त्यावरची रांग मोबाईलमध्ये शिरली.

मात्र रांग शिरली असे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. जो आधी येईल त्यास आधी, हा नियम नाइकीच्या ॲपवर काही बुटांपुरताच असतो. मागणी फार असली म्हणजे काही मिनिटांची मुदत देतात. त्या मुदतीत आलेली सर्व नावे एकत्र करून यंत्राकडून सोडत काढली जाते. म्हाडाच्या घरांची सोडत आपल्या परिचयाची आहे, तसाच हा प्रकार. भेद इतकाच की म्हाडा घरे किती ते आधी सांगते, बुटांची कंपनी जोड किती ते बहुधा सांगत नाही. शिवाय काही जोड कंपनी आपल्या पसंतीच्या ग्राहकांस निमंत्रण धाडून देते, आणि त्यात त्या ग्राहकाने ॲप किती वापरले याचाही विचार होतो. तेव्हा हिला निव्वळ दैवाची सोडत म्हणणे आम्हांस मान्य नाही.

२०२० साली दिओर व नाइकी यांनी मिळून काढलेल्या बुटाची किंमत दोन हजार डॉलरांवर होती. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार सुमारे ८,००० जोडांसाठी ५० लाख लोकांनी नावे नोंदविली. म्हणजे ६२५ जणांत एकास बूट! येथे गणिताच्या विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबावे. 'इतक्या वेळा हरलो, आता माझी पाळी येणारच' असे पुष्कळ मुले समजतात. समजा, दर खेपेस ५० जणांत एकासच बूट मिळतो आणि एक मुलगा ५० वेळा नाव घालतो. त्यास एकदाही न मिळण्याचा संभव ०.९८ चा पन्नासावा घात, म्हणजे सुमारे ०.३६ इतका येतो. अशा शंभर मुलांपैकी छत्तीसजण पन्नास खेपांनंतरही रित्या हातांनीच राहावयाचे. सोडतीस मागच्या निराशेची आठवण नसते.

त्यातून एकच मनुष्य शेकडो खोटी खाती उघडून 'बॉट' नावाच्या संगणक-आज्ञावलीकडून नावे भरवितो, तेव्हा एका खात्यावर आशा ठेवणाऱ्या मुलाचा वाटा आणखी घटतो. हा उघड अन्याय होय. अमेरिकेत २०१६ साली बॉटांविरुद्ध कायदा झाला, पण तो कार्यक्रमांच्या तिकिटांपुरता. नाइकीने २०२२ साली आपल्या विक्रीच्या अटी कडक करून बॉटांनी केलेली मागणी रद्द करण्याचा हक्क राखला. त्यापूर्वी २०२१ साली त्याच कंपनीच्या एका उच्चपदस्थ बाईंनी, मुलाचा बूट-पुनर्विक्रीचा धंदा वर्तमानपत्री गाजल्यावर, राजीनामा दिला होता.

इतकी मागणी असता कंपनी किंमत का चढवीत नाही, असे कोणी विचारील. आमच्या मते उत्तर साधे आहे: मोजके बूट ही जाहिरात होय, खरा पैसा दुकानात ढिगाने विकल्या जाणाऱ्या साध्या बुटांत आहे. मधला नफा पुनर्विक्रेते उचलतात. २०१६ साली डेट्रॉइट येथे सुरू झालेल्या 'स्टॉकएक्स' या बाजारात शेअरांप्रमाणे घेणारा आपला भाव लावतो, विकणारा आपला सांगतो; दोन्ही जुळले की बूट तपासणीकरिता जातो व कंपनी आपली दलाली कापून घेते. परंतु चढा भाव टिकेलच असे नाही. २०२१ साली निघालेला काळापांढरा 'पांडा' डंक प्रथम दुर्मिळ म्हणून चढ्या भावाने विकला गेला. नाइकीने तोच बूट पुन्हा पुन्हा बाजारात आणला, तेव्हा त्याचा भाव मूळ किमतीच्या आसपास उतरला आणि साठा करून बसलेल्यांचा नफा नाहीसा झाला.