विश्वासांगीकार म्हणताना जीभ अडखळते

प्रश्न : रविवारी मंडळीबरोबर विश्वासांगीकार म्हणते, पण ‘कुमारी मरिया’पाशी अडते. न पटता म्हणणे म्हणजे देवाशी खोटे बोलणेच ना?
– एक वाचक, उमरगा (जि. धाराशिव)

उत्तर : नाही, ताई. विश्वासांगीकार ही साऱ्या मंडळीची कबुली आहे. तुमच्या शंका संपल्याचा दाखला नव्हे. नायसीन विश्वासांगीकार तर 325 सालच्या कडाक्याच्या वादातूनच घडला. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी त्रैक्यावरून आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून परखड वाद घातला. पुढे त्याच रमाबाईंनी अख्खे बायबल मराठीत आणले.

त्या ओळीला गप्प राहिलात तरी चालेल. पाळकसाहेबांना उपासनेनंतरच्या गर्दीत विचारू नका, निवांत वेळ मागा. लूकचा पहिला अध्याय सोबत वाचा. तिथे खुद्द मरियाच देवदूताला हे कसे होईल, असे विचारते. दृढीकरणात स्वतः वचन द्यायचे असेल, तर मात्र आधीच बोला.