तह मोडला हे कोणी ठरवावे?

शास्त्रपाठ : यहोशवा २२ : १०–३४

प्रस्तुत पाठातील कथा आपल्या मंडळ्यांत फारशी वाचली जात नाही. यरीहोचा तट कसा पडला हे शब्बाथशाळेतील मुलांसही ठाऊक असते. परंतु देश जिंकून झाल्यावर इस्राएलाचेच वंश एकमेकांवर शस्त्र उचलण्याच्या बेतात आले होते, हे पुष्कळ वडीलधाऱ्यांसही आठवत नाही. रऊबेनी, गादी व मनश्शेचा अर्धा वंश हे यार्देनेपलीकडील आपल्या वतनाकडे परत चालले असता त्यांनी नदीकाठी एक मोठी, दुरून दिसण्याजोगी वेदी बांधली. ही बातमी इतर वंशांच्या कानी गेली. एकाच देवाची एकच वेदी असावी हा सर्वांचा करार; मग ही दुसरी कशाला? अकरावे व बारावे ही दोन वचने लागोपाठ वाचावी. लोकांनी ऐकले, आणि लोक युद्धासाठी शिलो येथे जमले. ती वेदी पाहून आलेला मनुष्य त्यांच्यात होता किंवा नाही, हे शास्त्र सांगत नाही.

ऐकणे आणि चाल करून जाणे ह्यांमध्ये काय घडते, यावर सारा निकाल असतो. ह्याचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे.

त्या काळी चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, आणि वैनगंगेकाठचा आपला हा रानमुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत असे. १८१७ च्या नोव्हेंबरात २६ व २७ तारखांस सीताबर्डीच्या टेकड्यांवर राजे आप्पासाहेब भोसले यांचे सैन्य व इंग्रज कंपनीचे सैन्य यांत लढाई झाली. कंपनीची कुमक येऊन पोहोचल्यावर रेसिडेंट जेंकिन्स यांनी लढाई थांबविण्याच्या अटी घातल्या: तोफा स्वाधीन कराव्या, फौज सोडून द्यावी, आणि राजाने स्वतः रेसिडेन्सीत येऊन राहावे. राजाने मुदत मागितली. अरब शिपाई माझे ऐकत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. अखेर १६ डिसेंबरच्या सकाळी तो रेसिडेन्सीत आला. त्याच दिवशी तोफा ताब्यात घेण्यास कंपनीचे सैन्य पुढे सरकले. पहिल्या काही तोफा बिनविरोध मिळाल्या, आणि मग भोसल्यांच्या बाजूने गोळीबार सुरू झाला. राजा रेसिडेन्सीत बसलेला, आणि त्याचे सैन्य बाहेर लढत आहे! अरब तर पुढे दोन आठवडे नागपूर शहर धरून बसले, व सुखरूप जाऊ देण्याचे वचन मिळाले तेव्हाच ३० डिसेंबरास बाहेर पडले.

आता दोष कोणाचा? राजाचा हुकूम चालला नाही, की त्याने वरून एक व आतून दुसरा हुकूम दिला? प्रश्न सुटला नाही, पण तह झाला. गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांच्या मनात आप्पासाहेबांस गादीवरून दूर करावे असे होते. परंतु त्यांचे म्हणणे पोहोचण्यापूर्वीच जेंकिन्स यांनी १८१८ च्या जानेवारीत ठराव करून राजाला गादीवर परत बसविले होते, म्हणून त्यांनी तो मान्य केला. तहाच्या घरातच दोन मते होती, हे ध्यानात ठेवावे. ठरावाप्रमाणे नर्मदेकडील मुलूख व किल्ले कंपनीकडे जावयाचे होते. मंडल्याच्या किल्लेदाराने किल्ला सोडला नाही. जेंकिन्स यांचा आरोप असा की, उघड हुकूम किल्ला देण्याचा व गुप्त हुकूम लढण्याचा आहे, रानातील गोंडांस उठविले जात आहे, आणि बाजीराव पेशव्यास चांद्याकडे बोलाविणे गेले आहे. १५ मार्च १८१८ रोजी राजाला पकडण्यात आले.

हे आरोप सर्वच खोटे होते असे मी म्हणत नाही. आप्पासाहेबांचा शब्द स्थिर नव्हता, हे त्यांच्या पक्षाने लिहिणाऱ्यांसही नाकारता येत नाही. आणि बाजीराव खरोखरच चांद्याच्या रोखाने येत होता. परंतु आरोप करणारा, पुरावा जमविणारा व निकाल देणारा असे तिघे एकाच रेसिडेन्सीत राहत होते. किल्लेदार का अडला, याची चौकशी करून दोहोंकडचे ऐकणारा तिसरा कोणी त्या ठरावात नेमलेलाच नव्हता. पस्तीस वर्षांपूर्वी, १७८२ साली, सालबाईच्या तहात महादजी शिंदे उभय पक्षांस जामीन राहिले होते, व पेशवे आणि इंग्रज यांच्यात त्यानंतर सुमारे वीस वर्षे लढाई झाली नाही. नागपूरच्या तहास जामीन नव्हता, आणि त्याची किंमत चांद्याने दिली. एप्रिलात पांढरकवड्याजवळ बाजीरावाचा मोड करून कर्नल ॲडम्स मे महिन्यात चांद्याच्या कोटापुढे आला. २० मे रोजी तटाला पाडलेल्या खिंडारातून हल्ला करून शहर घेण्यात आले, आणि किल्लेदार गंगासिंग प्राणास मुकला. त्याचा राजा तर आठवडाभर आधीच कैदेतून निसटून रानात गेला होता. त्या कोटाच्या दरवाजांतून आपण आजही बाजारास जातो.

तिसरा मनुष्य मध्ये उभा राहिला म्हणजे सर्व सुरळीत होते, असेही कोणी समजू नये. कोरियातील युद्ध २७ जुलै १९५३ रोजी थांबले तेव्हा मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक कैद्यांचा प्रश्न उरला. त्यासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचे मंडळ नेमण्यात आले. त्याचे अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या होते, आणि कैद्यांवरील पहाऱ्याचे भारतीय दल कोल्हापूरकडील मराठी सेनानी मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्या हाती होते. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष ऱ्ही यांना ही युद्धबंदीच मान्य नव्हती. त्यांनी जूनमध्ये सुमारे सत्तावीस हजार कैदी परस्पर सोडून दिले होते, आणि आता भारतीय शिपायांचे पाऊल आपल्या भूमीस लागू नये असा त्यांचा हट्ट होता. म्हणून आपले शिपाई जहाजावरून हेलिकॉप्टरने थेट मधल्या पट्ट्यात उतरविण्यात आले. मंडळात पोलंड व चेकोस्लोव्हाकिया एका बाजूस, स्वीडन व स्वित्झर्लंड दुसऱ्या बाजूस. सप्टेंबरात कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओढून कुंपणात नेले, तेव्हा थोरात स्वतः त्या खवळलेल्या जमावात शिरले व बोलून बोलून त्याला सोडवून आणले. पुढे काही प्रसंगी गोळीही झाडावी लागली, आणि कैदी मेले. १९५४ च्या जानेवारीत, मुदत संपल्यावर पुढे काय करावे यावर एकमत होईना, तेव्हा थिमय्यांनी उरलेले कैदी ज्यांनी आणून दिले होते त्यांच्याच स्वाधीन केले. दोन्ही पक्षांनी नावे ठेवली. तेथे कायमचा तह अजूनही झालेला नाही; पण ती युद्धबंदी टिकली आहे.

आता पुन्हा आपल्या पाठाकडे येऊ. इस्राएलाने कोणाला पाठविले? याजक एलाजाराचा पुत्र फिनहास, आणि त्याच्याबरोबर दहा सरदार. हा फिनहास गणना २५ मधला, पौराच्या वेळी भाला घेऊन उठलेला. मवाळ मनुष्य नव्हे, तटस्थ तर मुळीच नव्हे. त्याचे बोलणेही कठोर आहे. तो पौराची व आखानाची आठवण देतो. तरी तो यार्देन उतरून गिलाद देशात गेला, त्याने तोंडावर आरोप ठेवला, आणि मग तो गप्प राहिला. बाविसाव्या वचनापासून एकोणतिसाव्यापर्यंत पलीकडचे लोक बोलतात व फिनहास ऐकतो. कळते ते असे की, वेदी होमार्पणासाठी नव्हतीच. नदीने वेगळे केलेल्या आपल्या लेकरांस उद्या कोणी परके म्हणू नये, म्हणून ती साक्ष होती. जे बंड वाटले ते भय होते.

येथे मला स्वतःचा दोष सांगितला पाहिजे. रानपट्ट्यातील एका मंडळीत दोन घरांमध्ये बोडीच्या पाण्यावरून वैर होते. पंचांनी समेट करून दिला. पाण्याच्या पाळ्या ठरल्या. धानाला ओंब्या येण्याच्या दिवसांत एका रात्री एक घर माझ्याकडे आले: दुसऱ्याने पाळ फोडून पाणी आपल्या बांधीत घेतले. मी सकाळी वडील मंडळास चिठ्ठी लिहिली, आणि त्या मनुष्यास प्रभुभोजनापासून दूर ठेवले. बांधीवर मी गेलोच नाही. चौथ्या दिवशी गेलो, तो पाळ खेकड्यांनी पोखरून आतून खचलेली. मी त्याची क्षमा मागितली. त्याने ती केली. पण त्याची बायको पुढे वर्षभर उपासनेस आली नाही, आणि मी तिला दोष देऊ शकत नाही. ते गाव माझ्या बिऱ्हाडापासून चार मैलांवर होते. शिलोपासून गिलाद याहून कितीतरी दूर आहे.

एकोणिसाव्या वचनाकडे वाचकांचे विशेष लक्ष जावे. तुमचा देश तुम्हांस अशुद्ध वाटत असेल तर इकडे या व आमच्यामध्ये वतन घ्या, असे फिनहास म्हणतो. आरोप करावयास गेलेला मनुष्य स्वतःच्या जमिनीतला वाटा देऊ करतो! असे कलम कोणत्याही तहनाम्यात माझ्या वाचनात आलेले नाही.

येत्या रविवारच्या वर्गात तीस ते चौतीस ही वचने मोठ्याने वाचावी. फिनहास परत जाऊन इस्राएल लोकांस काय सांगतो, आणि युद्धासाठी जमलेल्या लोकांस ते ऐकून आनंद का होतो, हे वर्गास विचारावे. मग दहा सरदारांकडे वळावे: ते प्रत्येक वंशातून एक असे निवडलेले होते. आपल्या मंडळीत उद्या समेट मोडल्याची बातमी आली, तर बांधीवर कोणी कोणी जावे, त्यांची नावे त्याच दिवशी, भांडण नसताना, ठरवून ठेवता येतील काय?