व्हायोलिनचा आवाज मागल्या रांगेपर्यंत
(काढता-घालता येणाऱ्या पिकअपविषयी)

हळ्ळीखेडच्या भजनात वा कीर्तनात पेटी, तबला आणि टाळ ह्यांच्या जोडीला व्हायोलिन बसले की एक अडचण हटकून येते. पुढल्या दोन रांगांना व्हायोलिन ऐकू येते. त्यामागच्या मंडळींना ते वाजत आहे हे गजाच्या हालचालीवरून कळते, कानांनी कळत नाही. आमच्या येथे मागल्या रांगांत बहुधा स्त्रिया आणि वृद्ध मंडळी बसतात. त्यांतील काहींनी आम्हांस सरळच विचारले, "ते वाद्य नुसते दाखवायला ठेवता काय?" प्रश्न रास्त होता. म्हणून ह्या विषयाची जी थोडीफार माहिती आम्ही जमवली व जो अनुभव पदरी पडला, तो ह्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

न्यासाच्या संगीतवर्गाकडे जे व्हायोलिन आहे ते एका दिवंगत शिक्षकांच्या घरून आलेले आहे. त्याच्या अंगाला भोक पाडून आत माइक कायमचा बसवावा, अशी सूचना एकदा झाली होती. ती आम्ही मान्य केली नाही. व्हायोलिनची वरची फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते. तिला एकदा छिद्र पडले की वाद्य पूर्ववत् होत नाही. शिवाय वर्गात शिकणाऱ्या मुलांची स्वतःची वाद्ये निराळी. एकच साधन आज ह्या व्हायोलिनला, उद्या त्या व्हायोलिनला लावता आले पाहिजे. तेव्हा काढता-घालता येणारा पिकअप हाच आपल्या उपयोगाचा, हे आधी ठरले आणि बाकीचा विचार मागाहून झाला.

व्हायोलिन हे मूळचे युरोपातले वाद्य. दक्षिणेच्या संगीतात ते बालुस्वामी दीक्षितर (१७८६-१८५८) ह्यांनी रुजवले असे मानतात. हिंदुस्थानी पद्धतीत गजाननराव जोशी, वि. गो. जोग, दा. के. दातार, एन. राजम् ह्यांनी त्याला गळ्याच्या जवळ नेले. सुगम संगीतात प्रभाकर जोगांचे व्हायोलिन गाते असे लोक म्हणत. आपला जिल्हा कानडी, मराठी आणि दखनी बोलणारा. येथे दक्षिणेचे आणि उत्तरेचे असे दोन्ही प्रकारचे वादन कानावर पडते. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात दत्तजयंतीच्या उत्सवात गायनवादनाची जुनी परंपरा आहे, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

हा इतिहास येथे एवढ्यासाठी दिला, की आपला वादक मांडी घालून बसतो. वाद्याचे वरचे टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकते आणि खालचे अंग छातीला लागते. पाश्चात्य वादक उभा राहून हनुवटीखाली वाद्य धरतो. पिकअप बनवणारे बहुतेक कारखानदार त्या उभ्या वादकाला डोळ्यांपुढे ठेवतात. म्हणून दुकानात उभ्याने पाहून आणलेली वस्तू घरी बसल्यावर छातीला टोचू लागते. खरेदी करताना दुकानातच खाली बसून पाहावे. संकोच करू नये.

आता आवाज कसा निघतो ते पाहू. गज तारेला कंपित करतो. तार स्वतः हवा फारशी हलवीत नाही; ती घोडीला हलवते. घोडीचा एक पाय आतल्या साउंडपोस्टच्या जवळ आणि दुसरा आतून चिकटवलेल्या लांब पट्टीवर असतो. त्यांच्या द्वारे कंप वरच्या व खालच्या फळीत पसरतो, पोटातील हवा डोलू लागते, आणि ह्या सर्वांचा मिळून जो नाद होतो तो आपण ऐकतो. म्हणजे व्हायोलिनचा आवाज एका ठिकाणी नसतो. घोडीजवळ तो कडक व तीक्ष्ण असतो, फळीवर भरदार, आणि हातभर दूर मोकळ्या हवेत गोड. ह्यातील कोणत्या ठिकाणाहून आपण आवाज घेतो, ह्यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते.

मोकळ्या हवेतून घ्यायचा तर माइक हवा. एका वीतभर अंतरावर चांगला माइक ठेवला तर नाद सर्वांत नैसर्गिक येतो, ह्याबद्दल दुमत नाही. परंतु वादक डोलतो, अंतर बदलते. अंतर दुप्पट झाले की माइकवर पडणारा दाब निम्मा होतो. त्यातच शेजारचा तबला आणि टाळ त्याच माइकमध्ये शिरतात. वाद्याच्याच अंगाला चिमट्याने धरणारे छोटे कंडेन्सर माइक मिळतात. ते वादकाबरोबर हलतात, त्यामुळे अंतराचा प्रश्न मिटतो. बंदिस्त सभागृहात आणि समजदार माइकवाल्याच्या हाती ते उत्तमच. पण त्यांतील बहुतेकांना मिक्सरकडून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, आणि आपल्या मंडपातल्या साध्या अँप्लिफायरमध्ये ती सोय बहुधा नसते. शिवाय कर्णा जवळ असला की माइक ताबडतोब शिटी मारू लागतो.

म्हणून मंडपासाठी पिकअप. ह्याचे मूळ तत्त्व जाक आणि पिएर क्यूरी ह्या भावांनी १८८० साली शोधले: काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत्‌भार निर्माण होतो. ह्यास पिझो परिणाम म्हणतात. असा पातळ तुकडा घोडीला किंवा फळीला टेकवला की लाकडाचा कंप हाच दाब होतो, आणि त्याची वीज बनते. हवेशी त्याचा संबंध थोडा, म्हणून तबला त्यात फारसा शिरत नाही. गिटारवर असतो तसला चुंबकी पिकअप मात्र व्हायोलिनला कामाचा नाही. त्याला पोलादी तार लागते, आणि हल्लीच्या बहुतेक तारांचे अंतरंग कृत्रिम धाग्याचे व वरचे वेष्टन ॲल्युमिनियमचे वा चांदीचे असते.

काढता येणाऱ्या पिझो पिकअपचे आमच्या पाहण्यात मुख्यतः तीन प्रकार आले. पहिला घोडीच्या कडेला जी फट असते तीत सरकवून बसवायचा. फिशमनचा व्ही-२०० ह्या जातीचा आहे. त्याचा जॅक वाद्याच्या काठाला चिनरेस्टसारख्या पकडीने धरला जातो. आवाज स्पष्ट, उचल चांगली. दोष असा की प्रत्येक घोडीची फट सारखी नसते. तुकडा सैल बसला तर आवाज पोकळ येतो, आणि घट्ट बसवण्यासाठी जोर केला तर घोडीचा पंख तुटतो. फट जुळवण्याचे काम जाणत्या कारागिराचे आहे, कानसीचे नव्हे. दुसरा प्रकार व्हायोलिनच्या अंगाभोवती बांधायचा पट्टा. हेडवे ह्यांचा 'द बँड' तसा आहे. घोडीला हात लावावा लागत नाही, एका वाद्यावरून दुसऱ्यावर मिनिटात जातो. आमच्या वर्गासारख्या ठिकाणी, जेथे पाच मुलांत एक साधन, तेथे आम्ही ह्यालाच कौल देऊ. पट्टा मात्र फळीला दाबून बांधू नये, आणि तो नेमका कोठे येतो ह्यावर आवाज बदलतो.

तिसरा प्रकार म्हणजे चिकटवायची चकती. ही सर्वांत स्वस्त, आणि हिच्याच पायी आम्हांस धडा मिळाला. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने ती आम्ही घोडीजवळ फळीवर लावली, रात्रभर तशीच राहू दिली, आणि सकाळी ओढून काढली. तिच्याबरोबर नखाएवढे व्हार्निश निघून आले. चूक सर्वस्वी आमची होती. उन्हाळ्यात आपल्याकडे व्हार्निश मऊ होते हे ध्यानात ठेवायला हवे होते. चकती लावायचीच असेल तर मऊ पुट्टीने, कार्यक्रमापुरती लावावी, आणि शक्य तर व्हार्निश नसलेल्या घोडीवर लावावी.

घोडीवर काहीही लावताना वजनाचा विचार करावा. व्हायोलिनची म्यूट दुसरे काय असते? घोडीवर ठेवलेले थोड्या ग्रॅमांचे वजन. त्याने वरचे तेजस्वी स्वरांश दबतात. पिकअप जड असला की तेच घडते, आणि वादकाला वाटते आपला हातच आज बसत नाही. घोडीच्या माथ्यापेक्षा पायाजवळ लावलेले वजन कमी नडते. घोडीच्या पायाखाली बसवायचा पिकअपही मिळतो, परंतु त्यासाठी तारा उतरवून घोडीचे पाय पुन्हा जुळवावे लागतात. तो नावापुरताच काढता येणारा म्हणायचा. चारही तारा एकदम सैल केल्या तर आतला साउंडपोस्ट पडू शकतो, हेही येथेच सांगून ठेवतो.

आता ज्या बाबीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, तिच्याकडे वळू. नवा पिकअप आणला, थेट अँप्लिफायरला जोडला, आणि आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आला, अशी तक्रार आम्ही अनेकांकडून ऐकली. मग पिकअपला दोष देतात. दोष बहुधा जोडणीचा असतो. पिझो तुकडा हा विजेच्या दृष्टीने एक लहानसा कंडेन्सर आहे. त्याची क्षमता १ नॅनोफॅरड धरू. अँप्लिफायरच्या ज्या तोंडात आपण तो जोडतो, त्याचा रोध १० हजार ओहम असेल, तर सेकंदाला सुमारे १६,००० कंपनांच्या खालचे सर्व काही क्षीण होत जाते. व्हायोलिनच्या तारा पाश्चात्य पद्धतीने लावल्या तर अनुक्रमे १९६, २९४, ४४० आणि ६५९ कंपनांच्या असतात. म्हणजे खर्जाच्या तारेचा मूळ स्वर ऐंशीव्या हिश्श्यावर येतो, आणि तीन हजारांच्या आसपासची किरकिर पाचव्या हिश्श्याने शिल्लक राहते. मग पत्राच ऐकू येणार! तोच रोध १० लाख ओहम, म्हणजे १ मेगओहम, असेल तर ही मर्यादा १६० कंपनांवर उतरते आणि खर्जाची तार जगते. त्याहून अधिक असल्यास उत्तमच.

साध्या माइकच्या तोंडाचा रोध काही हजार ओहमच असतो. म्हणून पिकअप आणि अँप्लिफायर ह्यांच्यामध्ये छोटा प्री-अँप्लिफायर लागतो, ज्याच्या आतल्या तोंडाचा रोध किमान १ मेगओहम आहे. खरेदी करताना पुस्तिकेत हा एक आकडा आवर्जून पाहावा. पैसे थोडे असतील तर महाग पिकअप व प्री-अँप्लिफायर नाही, ह्यापेक्षा साधा पिकअप व बरा प्री-अँप्लिफायर ही जोडी शतपटीने बरी. पिकअपपासून प्री-अँप्लिफायरपर्यंतची वायर आखूड असावी. वायरीलाही स्वतःची क्षमता असते, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. दहा मीटर वायर टाकली तर वरच्या उदाहरणातला आवाज निम्म्यावर येतो. प्री-अँप्लिफायरच्या पुढे वायर लांब असली तरी बाधत नाही. त्याची ९ व्होल्टची बॅटरी कार्यक्रमाआधी बदलावी, कार्यक्रमात नव्हे.

एवढे करूनही शिटी येतेच. तिचे कारण व्हायोलिनचे अंग. ते जसे आवाज देते तसे घेतेही. कर्ण्याचा आवाज फळीला हलवतो, पिकअप तो पुन्हा उचलतो, आणि चक्र सुरू होते. कर्णे वादकाच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत. वादकाला ऐकू यावे म्हणून ठेवलेला छोटा स्पीकर वाद्याच्या पोटाकडे रोखलेला नसावा. प्री-अँप्लिफायरवर ध्रुव उलटवण्याचे बटण असेल तर ते एकदा दाबून पाहावे. कधी कधी तेवढ्यानेच शिटी थांबते. खालचा गडगडाट कापण्याचे बटणही उपयोगी, परंतु हिंदुस्थानी पद्धतीने तारा षड्ज-पंचमात लावल्या की खर्जाची तार पुष्कळदा १९६ च्या खाली असते. ती कोठे आहे ते पाहून मगच कापावे, नाहीतर गडगडाटाबरोबर खर्जही जायचा.

पिझोमध्ये गजाची खरखर व बोटांची घसट मोठी होऊन येते. मींड घेताना तर फारच. तिखट स्वरांचे बटण थोडे उतरवावे, राळ बेताने लावावी. आणि एक कटू सत्य: मंडपात केवळ लोखंडी भोंगे असतील तर ते बोलण्यासाठी केलेले असतात, खालचे स्वर त्यांतून नीट निघतच नाहीत. अशा ठिकाणी आधी एक पेटीचा स्पीकर मागवावा. पिकअपचा विचार नंतर.

विजेविषयी तडजोड करू नये. जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात भणभण ऐकू आली की काही जण तीन टोकांच्या प्लगचे अर्थिंगचे टोक काढून टाकतात. भणभण थांबते, पण यंत्रात बिघाड झाला तर वीज वायरीवाटे वादकाच्या हातापर्यंत येऊ शकते. वादक ओल्या जमिनीवर, सतरंजीवर बसलेला असतो. आमच्या न्यासाच्या कार्यक्रमात असा प्लग दिसला तर कार्यक्रम सुरू करीत नाही.

आवाज जुळवताना एकाने वाजवावे व दुसऱ्याने अगदी मागे जाऊन उभे राहावे. प्रथम अँप्लिफायरचा आवाज शून्यावर आणून जॅक लावावा. मग प्रत्येक तारेवर लांब गजाने एकच स्वर, सारख्या दाबाने वाजवावा. चारांपैकी एक तार पुढे धावत असेल किंवा मागे पडत असेल तर पिकअप केसभर सरकवावा; बटणे फिरवून ते साधत नाही. नंतर पेटी व तबला सुरू करून पुन्हा ऐकावे. मागे उभ्या असलेल्या माणसाला पेटीखालून व्हायोलिन ओळखता आले की थांबावे. त्याहून वाढवू नये.

कार्यक्रम संपल्यावर आधी आवाज शून्यावर, मग जॅक, मग पिकअप. काढताना एका हाताने घोडी धरून ठेवावी. घोडी पुढे कललेली आहे का ते पाहावे, राळेची भुकटी मऊ कोरड्या कापडाने पुसावी, आणि पिकअप व्हायोलिनच्या पेटीत मोकळा न टाकता वेगळ्या डबीत ठेवावा. आमच्या वर्गातील डबी कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. ज्या मुलांना घरच्या वाद्यावर लावून पाहायचा असेल त्यांनी वर्गाच्या वेळी येऊन वहीत नोंद करावी व न्यावा.