रोध वाढला तर शक्ती वाढते की घटते?

नववी-दहावीचं मूल घरात असलं की संध्याकाळी आठ वाजता आपली हमखास ओढाताण असते. कुकर लावायचाय, उद्याच्या डब्याची भाजी निवडायचीय, ऑफिसचे फोन अजून येतातच आहेत. आणि नेमकं तेव्हाच मूल विज्ञानाचं पुस्तक घेऊन ओट्यापाशी उभं राहतं. “आई, रोध वाढला की शक्ती वाढते की कमी होते?”

आपण सगळेच काय म्हणतो? “सूत्र दिलंय ना? किमती घाल आणि सोडव.” खरं तर उत्तर आपल्यालाही आठवत नसतं. ते मुलाला कळू नये म्हणून आवाज थोडा चढतो, इतकंच. शिवाय मनात बोर्डाच्या परीक्षेची धाकधूक असतेच.

मूल निमूटपणे खोलीत जातं. क्लासमध्ये शिकवलेला त्रिकोण काढतं: वर व्ही, खाली आय आणि आर. जे हवं त्यावर बोट ठेवायचं, उरेल ते करायचं. २३० व्होल्ट, ५ अँपिअर. भागाकार केला की रोध ४६ ओहम, गुणाकार केला की शक्ती ११५० वॅट. वहीत बरोबरची खूण येते. प्रश्न मात्र तसाच राहतो.

त्याचं अडतं कुठे, ते बघा. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले विद्युतधारा. त्यात ओहमचा नियम घातला की दोन सूत्रं निघतात. एकात विद्युतधारेच्या वर्गाला रोधाने गुणायचं, दुसऱ्यात विभवांतराच्या वर्गाला रोधाने भागायचं. म्हणजे एक सांगतं रोध वाढला की शक्ती वाढते, दुसरं सांगतं घटते. मुलाला वाटतं, सगळ्यांना कळतंय, आपलंच डोकं चालत नाही. ही भावना फार एकटं पाडते हो. आणि खरं म्हणजे हा प्रश्न नीट वाचणाऱ्यालाच पडतो. नुसते आकडे घालत जाणाऱ्याला तो कधी सुचायचा नाही.

उत्तर आपल्या घरातच असतं. कुठली गोष्ट कायम राहते आहे, हे आधी पाहायचं. घरातली सगळी उपकरणं २३० व्होल्टवर चालतात. विभवांतर ठरलेलं, मग भागाकाराचं सूत्र. इस्त्री थंड असताना मुलाच्या हातात द्या आणि तिच्यावरचे आकडे वाचायला सांगा. १००० वॅट असेल तर विद्युतधारा सुमारे ४.३५ अँपिअर आणि रोध ५३ ओहमच्या आसपास. आता २००० वॅटचा गिझर: सुमारे ८.७ अँपिअर, रोध २६ ओहमच्या जवळपास. शक्ती दुप्पट, रोध निम्मा. भागाकार आपण करून देऊ नका. स्वतः केला की त्याचा चेहरा कसा खुलतो, ते तुम्हीच बघाल.

मग दुसरं सूत्र कशाला? त्यासाठी गिझरचा प्लग आठवा. पिन सैल बसली की त्या सांध्यात थोडा जादा रोध येतो. समजा ०.२ ओहम. गिझरच्या २६ ओहमपुढे तो नगण्य, म्हणून विद्युतधारा जवळजवळ तीच, ८.७ अँपिअर. इथे विद्युतधारा ठरलेली, म्हणून गुणाकाराचं सूत्र: ८.७ चा वर्ग गुणिले ०.२, म्हणजे साधारण १५ वॅट. नऊ वॅटच्या एलईडी बल्बने खोली उजळते, आणि इथे त्याहून जास्त शक्ती पिनेच्या इवल्याशा टोकाशी नुसती उष्णता होऊन साठते. पिन काळी पडते, प्लास्टिकचा वास येतो, तो त्यामुळे. सांधा जितका सैल तितका रोध जास्त, आणि तितकी उष्णताही.

एककांवरूनही आपण मुलांना फार बोलतो. ९ व्होल्टची बॅटरी, ३० मिलिअँपिअर, आणि मूल ९ ला ३० ने भागून ०.३ ओहम लिहितं. “कुठे लक्ष असतं तुझं?” हे आपल्या तोंडून निघून जातंच, दिवसभराचा शीण असतो. त्याऐवजी विचारून बघा, “इस्त्री आणि गिझर मिळून १३ अँपिअर घेतात, मग एवढ्याशा बॅटरीतून ३० अँपिअर येतील का रे?” ‘मिली’ राहिलं हे त्याचं त्यालाच दिसतं. उत्तर ३०० ओहम.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे विज्ञान शिकलोय? ज्यांच्या नावाचा हा नियम, त्या जॉर्ज ओहम यांचे वडील जर्मनीत कुलपं बनवणारे कारागीर होते. गणित आणि विज्ञान ते स्वतःच वाचून शिकले आणि मुलांनाही घरीच शिकवलं. मुलगा पुढे शाळेत शिक्षक झाला आणि १८२७ साली त्याने हा नियम पुस्तकात मांडला. त्या वडिलांचं मला फार अप्रूप वाटतं. कामाचे हात पुसून मुलांजवळ बसणं सोपं नसणार.

आपल्याला रोज नाही जमणार, हे मान्य. आठवड्यातून एखादी संध्याकाळ तरी “मलाही माहीत नाही, चल बघू” एवढं म्हणू या. आणि एक विनंती. आज गिझरचं बटण बंद करून, कोरड्या हाताने प्लग काढून पिन एकदा पाहा. काळी पडली असेल तर वायरमनला बोलवा, तोवर गिझर लावू नका. ती काळी का पडली, हे मात्र मुलाला सांगू द्या.